बदललेली गाडी, न बदललेले नियम

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या मासिकात मोटारसायकल खरेदीचा विषय पाहून तुम्हांला नवल वाटेल. तुमच्यापैकी बहुतेकांना गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळायला अजून दोन-चार वर्षे आहेत, कारण त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पण गाडी घेण्याची इच्छा परवान्याची वाट पाहत नाही, हे मी तीस वर्षे वर्गात उभा राहून पाहिले आहे. वहीच्या शेवटच्या पानावर बुलेटची चित्रे काढणारी मुले प्रत्येक तुकडीत असतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी हा लेख आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा कोल्हापूरला एका कारखान्यात कामाला लागला होता. एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला. "मामा, उद्या मोकळे आहात का? एक गाडी बघायला जायचंय. तुम्ही नुसतं बघून हो म्हणा."

"नुसतं बघून हो म्हणायचं असेल तर मी कशाला हवा?" मी विचारले. तो हसला, पण त्याचे मन ठरलेले होते हे मला कळले.

गाडी होती जुन्या बिडाच्या इंजिनाची ३५० सीसी बुलेट, १९८९ सालची. मूळ रूप मात्र कुठेच उरले नव्हते. पुढचा चिमटा लांब करून पुढे झुकवलेला, मागे रुंद टायर, टाकीवर काळा-तांबडा रंग, मोठा दिवा आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा सायलेन्सर. अशा गाडीला इंग्रजीत 'चॉपर' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही आवड वाढली. तरुणांनी जड गाड्यांवरचा नको तो पत्रा कापून टाकायला सुरुवात केली, आणि 'चॉप' म्हणजे छाटणे यावरूनच हे नाव आले. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने लांब चिमट्याची गाडी जगभर पोचवली. आपल्याकडे तिच्यासाठी हाताशी होती ती बुलेट. मद्रासमध्ये १९५५ सालापासून तिची जुळणी होऊ लागली आणि जवळजवळ तेच इंजिन पुढे पन्नासहून अधिक वर्षे बनत राहिले. सुटे भाग गावोगाव मिळतात, इंजिन समजायला सोपे, चासी लोखंडी नळ्यांची. त्यामुळे कापायला आणि जोडायला ती सोयीची पडते.

बनवणाऱ्याचे प्रयोग कुठे संपतात?

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. कारखान्यातून आलेली जुनी गाडी घेणे आणि कोणीतरी बदल केलेली जुनी गाडी घेणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्या गाडीबरोबर तुम्ही बनवणाऱ्याचे प्रयोगही विकत घेत असता. त्याने चासीचा नमुना खड्ड्यांवरून हजारो किलोमीटर चालवलेला असतो, ब्रेक तापवून पाहिलेले असतात, दिव्याला किती जाडीची वायर लागेल याचा हिशेब केलेला असतो. कारखान्याच्याही चुका होतात, आणि कधी कधी गाड्या परत बोलावल्या जातात. पण त्या चुकांची नोंद राहते आणि त्या शोधणारे कोणी तरी असते.

ज्या ठिकाणी चासीला करवत लागली, त्या ठिकाणी बनवणाऱ्याचे प्रयोग संपले. त्याच्या पुढचे सगळे कोणा एका मिस्त्रीच्या हातावर आणि नजरेवर उभे असते. तो हात उत्तम असू शकतो. आपल्याकडे असे कारागीर आहेत की त्यांच्यासमोर पदवीधरांनी नम्र व्हावे. पण हात उत्तम होता याचा पुरावा गाडीनेच द्यायला हवा. "मस्त बांधलीय" हा पुरावा नव्हे.

आमचा विक्रेता तिशीतला, सरळ स्वभावाचा माणूस होता. गाडी त्याने स्वतः बदलून घेतलेली नव्हती. आधीच्या मालकाकडून तशीच घेतली होती आणि दोन वर्षे चालवली होती. मी त्याला तीन प्रश्न विचारले. काय काय बदलले? का बदलले? बदलल्यावर कोणी मोजून पाहिले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला अर्धेमुर्धे देता आले, दुसऱ्याला तो म्हणाला "लूकसाठी," आणि तिसऱ्याला तो गप्प बसला. मित्रांनो, हे तीन प्रश्न पाठ करून ठेवा. ते गाडीपुरतेच उपयोगी आहेत असे नाही.

आधी कागद

पहिली तपासणी कागदांची. नोंदणीच्या दाखल्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नंबरच्या जागी घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर पुढे काही पाहू नये, सरळ घरी यावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे का, विमा चालू आहे का, गाडीवर कर्ज आहे का, हेही पाहावे.

बदललेल्या गाडीच्या बाबतीत कायदा आणखी काही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी दाखल्यातली माहिती बनवणाऱ्याने मुळात ठरवलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंधन बदलण्याचा संच किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेले रूपांतर असे काही अपवाद आहेत, तेही ठरलेल्या रीतीने. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ स्पष्ट करून गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असल्याचे सांगितले. आमच्या गाडीच्या दाखल्यावर बदलांची एकही नोंद नव्हती. म्हणजे व्यवहार तिथेच संपायला हवा होता.

पण भाच्याला ते पटेना. "मामा, अर्ध्या शहरात अशाच गाड्या फिरतात. कोण पकडतंय?"

त्याला रागवण्यात अर्थ नव्हता. नियम आहे एवढे सांगून तरुण माणसाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. नियम का आहे हे त्याला दिसले पाहिजे. म्हणून मी पिशवीतून सामान काढले: एक ओळंबा, सुताची लांब दोरी, मोजपट्टी, लहान लोहचुंबक, विजेरी, व्होल्टमीटर, खडूची पूड आणि छोट्या बाटलीत रॉकेल. एवढेच सामान, आणि त्यातले बरेचसे तुमच्या शाळेत आहे.

ओळंबा काय सांगतो?

मोटारसायकलचे हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष उभा नसतो, मागे कललेला असतो. उभ्या रेषेशी होणाऱ्या त्याच्या कोनाला 'रेक' म्हणतात. हा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे मिळतो. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे 'ट्रेल'. चाकाचा टेकू अक्षाच्या मागे असल्यामुळे चाक आपोआप सरळ यायला पाहते. दवाखान्यातल्या ट्रॉलीची फिरती चाके ढकलताच मागे वळतात, त्यातलाच हा प्रकार.

मोजणे सोपे आहे. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी धरा. बाजूने पाहत एक लांब सरळ काठी हँडलच्या अक्षाला समांतर धरा आणि ती जमिनीला जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा. मग पुढच्या चाकाच्या आसापासून ओळंबा सोडा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजा. हा प्रयोग तुम्ही उद्याच शाळेच्या सायकल स्टँडवर करू शकाल.

आता थोडे गणित. चाकाची त्रिज्या ३३ सेंमी आणि चाकाचा आस हँडलच्या अक्षाच्या ६ सेंमी पुढे आहे असे समजा. रेक २७ अंश असेल तर

ट्रेल = (त्रिज्या × ज्या २७° − ६) ÷ कोज्या २७°

या सूत्राने ट्रेल सुमारे १० सेंमी येतो. चासीची मान कापून रेक ३७ अंश केला आणि बाकी काहीच बदलले नाही, तर तोच ट्रेल १७ सेंमीच्या वर जातो. दहा अंशांनी ट्रेल पाऊणपट वाढला! अशी गाडी मोकळ्या सरळ रस्त्यावर रेल्वेसारखी नाकासमोर जाते, पण गर्दीत सावकाश वळताना हँडल जड लागते आणि एका बाजूला पडू पाहते. अमेरिकेतल्या लांब सरळ रस्त्यांवर जे खपून जाते ते गंगावेशीच्या वळणावर खपेलच असे नाही.

ट्रेलचे महत्त्व एका गमतीदार प्रयोगाने पुढे आले. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने मुद्दाम 'चालवता येणार नाहीत' अशा सायकली बनवायचे ठरवले आणि १९७० साली 'फिजिक्स टुडे' या मासिकात त्याची हकिकत लिहिली. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे सायकल तोल सांभाळते असे पुष्कळांना वाटे. जोन्सने उलटे फिरणारे आणखी एक चाक बसवून तो परिणाम मारून टाकला, तरी सायकल चालवता आली. पण पुढचे चाक आणखी पुढे बसवून ट्रेल बिघडवल्यावर ती चालवणे फार कठीण झाले. यावर पडदा पडला असे वाटत असतानाच २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात काही संशोधकांनी दाखवून दिले की, भोवऱ्याचा परिणाम नाही आणि ट्रेलही किंचित उलटा, अशी सायकलसुद्धा स्वतःचा तोल सांभाळू शकते. तिच्यात वजनाची वाटणी मात्र विचारपूर्वक केली होती. यातून घ्यायचे ते एवढेच: दुचाकीचा तोल एका भागात नसतो, तो सगळ्या भागांच्या मेळात असतो. एक भाग बदलला की बाकीचे आपोआप जुळवून घेत नाहीत.

आमच्या गाडीचा ट्रेल १६ सेंमी भरला. "लूकसाठी" काय झाले आहे ते भाच्याने स्वतःच्या हाताने मोजले.

दोरी, पाना आणि व्होल्टमीटर

मग दोरीची पाळी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्यायची. मागचा टायर १३ सेंमी रुंद आणि पुढचा ९ सेंमी असेल, तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंमी अंतर राहिले पाहिजे. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक भरले तर चाके एका रेषेत नाहीत. रुंद टायर चेनला घासू नये म्हणून चाक थोडे बाजूला सरकवलेले असते किंवा अपघातात चासी वाकलेली असते. दोन्हींचे कारण विचारलेच पाहिजे.

आऱ्यांवर पान्याने हलकेच टिचकी मारत जावे. सारख्या ताणाच्या आऱ्या जवळजवळ सारख्या सुरात वाजतात. ढिली आरी भद्द आवाज करते. तंबोऱ्याच्या तारेचा नियमच इथे लागू आहे. पुढचे चाक उचलून धरून हँडल सावकाश फिरवावे. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट खराब आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर तर बदललेल्या गाडीत मुळीच भिस्त ठेवू नये. जुन्या बुलेटचा मीटर पुढच्या चाकावरून चालतो. तो चाकाचे फेरे मोजतो, अंतर मोजत नाही. ६६ सेंमी व्यासाच्या चाकासाठी बनलेला मीटर ६० सेंमीच्या चाकावर बसवला तर गाडी ५० च्या वेगाने जाताना तो ५५ दाखवील, आणि शंभर किलोमीटरचे एकशे दहा लिहील. यात लबाडी कोणाचीच नसते.

वायरिंगमध्ये मात्र खरा धोका दडलेला असतो. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो. त्या जागी १०० वॉटचा बसवला तर प्रवाह ८.३ अँपिअर होतो. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच वायरमध्ये सुमारे पावणेतीनपट उष्णता तयार होते. दिवा दीडपट तेजस्वी झाला असे मालकाला वाटते, तिकडे वायरचे वेष्टण मऊ पडत असते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणीतरी त्या जागी साधी तार गुंडाळतो, आणि मग जळायला फक्त वायरच उरते. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसावे. इंजिन चालू करून वेग थोडा वाढवला की ते साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यावे. सगळे दिवे लावल्यावर आकडा तेराच्या खाली घसरत राहिला तर गाडी खर्च जास्त आणि मिळकत कमी अशा घरासारखी आहे. आमच्या गाडीत फ्यूजच्या जागी खरोखरच तार होती.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. आधी हात लावून खात्री करावी, कारण विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर चालू होण्यातली अडचण लपते. सुरुवातीचा पांढरा धूर बहुधा पाण्याच्या वाफेचा असतो आणि लवकर जातो. निळसर धूर राहिला तर ऑइल जळते आहे, काळा असला तर पेट्रोल जास्त जाते आहे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल तर तुम्हांला इंजिनाचा आवाज ऐकूच येत नाही. खडखडणारे बेअरिंग असो की सैल पिस्टन, त्या गर्जनेखाली सगळे झाकले जाते. दमदार वाटणारा आवाज हा असा खरेदीदाराच्या विरुद्ध काम करतो. पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिली असतील.

मानेवरची रेघ

इथपर्यंत भाच्याचा उत्साह थोडा उतरला होता, पण संपला नव्हता. "हे सगळं दुरुस्त होतं की, मामा. वायरिंग नवीन करू," तो म्हणाला. बरोबरच होते ते. वायरिंग नवीन करता येते.

मग मी विजेरी घेऊन चासीच्या मानेपाशी वाकलो. मान म्हणजे हँडलचा अक्ष जिच्यातून जातो ती नळी आणि तिला चासीच्या नळ्या जोडल्या आहेत तो सांधा. रेक वाढवण्यासाठी इथेच कापून वेल्डिंग केलेले होते. लोहचुंबक फिरवला तर एके ठिकाणी त्याची ओढ एकदम कमी झाली. तिथे रंगाखाली लांबी भरली होती. लांबीच्या कडेला रंगावर केसासारखी एक रेघ होती आणि तिच्या खालच्या टोकाला तांबूस ओघळ.

आता नीट विचार करा. या रेघेची दोन कारणे असू शकतात. एक, फक्त लांबी आणि रंग तडकला असेल, लोखंड शाबूत. दोन, खालच्या लोखंडालाच चीर गेली असेल. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. विक्रेता म्हणाला, "रंग उडालाय, दुसरं काय." भाच्यालाही तेच हवे होते. मला दुसऱ्याची भीती वाटत होती. तिघांचीही मते ही नुसती मतेच होती. निकाल लावायला प्रयोग हवा होता.

विक्रेत्याची परवानगी घेऊन आम्ही अंगठ्याएवढ्या जागेवरचा रंग आणि लांबी खरवडली. गाडी थंड होती आणि जवळपास विस्तव नव्हता, याची आधी खात्री केली होती. उघड्या लोखंडावर रॉकेल लावून दहा मिनिटे थांबलो, मग ते कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसले आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरली. चीर असेल तर रॉकेल केशाकर्षणाने तिच्यात शिरलेले असते. वरून पुसले तरी आतले राहते आणि मग पुडीत शोषले जाऊन बाहेर येते. जुन्या कारखान्यांत हीच युक्ती वापरत. आज विमानांच्या भागांसाठी रंगीत द्रव वापरून जी तपासणी करतात तिचे तत्त्वही हेच.

पाचेक मिनिटांत पांढऱ्या पुडीवर एक ओली, करडी रेघ उमटली. ती सरळ वेल्डिंगच्या कडेने गेली होती आणि आम्ही खरवडलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना पोचली होती. म्हणजे ती पुढेही जात होती.

कोणी काही बोलले नाही. विक्रेता खाली बसला. "या गाडीवरून मी बायको-पोरीला घेऊन रोज जातोय," तो म्हणाला.

चीर तिथेच का पडली? वेल्डिंगच्या शेजारचे लोखंड तापून निवते तेव्हा त्याच्या आतल्या कणांची रचना बदलते आणि थंड होताना आकसल्यामुळे आत ताण अडकून राहतो. शिवाय सांध्याच्या कोपऱ्यात बल एकवटते. त्यातच चिमटा लांब केलेला. ७५ सेंमीचा चिमटा ९५ सेंमी केला तर तरफेच्या नियमाने त्याच धक्क्याचा मानेवरचा पीळ साधारण सव्वापट होतो. आणि धक्का एकदाच बसत नाही. किलोमीटरमागे वीस खड्डे धरले तर दहा हजार किलोमीटरमध्ये दोन लाख धक्के झाले! एका धक्क्याने न मोडणारे लोखंड लाखो धक्क्यांनी थकते. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकातच हे दाखवले होते. १९५४ साली दोन 'कॉमेट' प्रवासी विमाने हवेतच फुटली, तीही धातूच्या अशाच थकव्याने. थकवा बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही, आणि शेवटचा धक्का पहिल्या धक्क्याहून मोठा असावा लागत नाही.

गाडी आम्ही घेतली नाही हे सांगायला नको. आठ दिवसांनी विक्रेत्याचा फोन आला. मानेवरचा सगळा रंग काढल्यावर चीर नळीच्या जवळजवळ अर्ध्या घेरात गेलेली निघाली. तो गाडी विकणार नव्हता. मूळ मापाची चासी मिळवून सगळे कायदेशीर करून घेणार होता. त्याने आम्हांला फसवले नव्हते. तोही आधी तसाच फसला होता, आणि कदाचित त्याच्या आधीच्या मालकालाही काही ठाऊक नव्हते.

मला काय वाटते

यावरून कोणी म्हणेल, मग बदललेली गाडी घेऊच नये, किंवा बदलच करू नयेत. मला ते पटत नाही. यंत्रावर प्रेम करणारा आणि त्याला हात लावायला न घाबरणारा मुलगा देशाला हवा आहे. जर्मनीत असे बदल अधिकृत तपासनिसांकडून तपासून घेता येतात आणि कागदावर चढवता येतात. ब्रिटनमध्येही एकेकट्या मोटारसायकलीला तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मनाई स्पष्ट आहे, पण मनापासून चांगले काम करणाऱ्या कारागिरालासुद्धा ते तपासून घेण्याची अशी सोपी वाट नाही. मग काम थांबत नाही, ते रंगाखाली जाते. मोजमापाची वाट खुली झाली तर मिस्त्रीचे कसब वाढेल आणि गिऱ्हाइकाचा जीवही वाचेल. तोपर्यंत मात्र आहे तो कायदा पाळायचा, कारण आमच्या गाडीपुरते तरी त्याने जे सांगितले तेच खडूच्या पुडीने सांगितले.

दुसरे मत खरेदीदाराबद्दल. त्या दिवशी सगळ्यांत बिघडलेले उपकरण होते ते भाच्याचे मन, आणि हे मी त्याच्या समोरच म्हणतो. त्याला गाडी हवी होती, म्हणून त्याला तडा म्हणजे रंग वाटला. आपल्या सगळ्यांचे असेच होते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचेही होते. यावर उपाय एकच. गाडी पाहण्याच्या आधी, घरी बसून, कागदावर लिहावे की काय आढळले तर आपण 'नाही' म्हणणार. नंबर न जुळणे, दाखल्यात नोंद नसणे, मानेवर चीर, चासी वाकलेली. यातले एकही निघाले तर भाव कितीही उतरला तरी परत यायचे. बरोबर असा माणूस न्यावा ज्याला ती गाडी आवडलेली नाही. आणि आगाऊ पैसे खिशात नेऊ नयेत.

तिसरी विनंती शिक्षकांना. तरफ, केशाकर्षण, ओहमचा नियम, ज्या आणि कोज्या हे सगळे आपण नववी-दहावीत शिकवतो आणि मुले परीक्षेत लिहितात. पण त्याच मुलांना चार वर्षांनी एखाद्या यंत्रापुढे उभे केले तर ती म्हणतात, "आम्हांला त्यातलं काही कळत नाही, मिस्त्री सांगेल ते." एक तास सायकल स्टँडवर घ्या. ट्रेल मोजा, दोरीने चाके तपासा, आऱ्या वाजवून ऐका, एखाद्या मोडक्या लोखंडी तुकड्यावर रॉकेल आणि खडूचा प्रयोग तुमच्या देखरेखीखाली करून दाखवा. खर्च काहीच नाही.

माझ्या भाच्याने अजून गाडी घेतलेली नाही. पण त्याच्या कारखान्यातले दोन मित्र जुनी गाडी पाहायला निघाले की त्याला बरोबर नेतात. माझा ओळंबा त्याने परत दिलेला नाही आणि मीही मागितलेला नाही.